शत्रूच्या मॅनेजरला दीर्घायुष्य लाभो!

बॉस्टनमध्ये दोन माणसांची नावं जुने बेसबॉलवेडे नाव आणि आडनावाच्या मध्ये एक सणसणीत शिवी घातल्याशिवाय घेत नाहीत. एक बकी डेंट, दुसरा एरन बून. दोघंही न्यूयॉर्क यांकीजचे खेळाडू. फलंदाज म्हणून दोघांचाही फारसा दरारा नव्हता, तरी एकेका फटक्यात दोघांनी बॉस्टन रेड सॉक्सच्या तोंडचा घास काढून घेतला. नवल पुढेच आहे. यथावकाश हे दोघंही यांकीजचे मॅनेजर झाले आणि बॉस्टनकरांना उट्टं काढायची आयतीच सोय झाली.

डेंटचा होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, १९७८चा, बॉस्टनच्याच फेनवे पार्क मैदानावरचा. १९९०च्या जूनमध्ये यांकीजनी त्याला मॅनेजरपदावरून काढलं, तेव्हा संघ नेमका बॉस्टनच्या दौऱ्यावर होता. ज्या गावाला रडवलं, त्याच गावात नारळ मिळाला. कादंबरीत असं काही लिहिलं तर संपादक म्हणेल, जरा जास्त होतंय.

पण हरल्यावर चिडवायचं ते मॅनेजरलाच का? खेळाडूंना का नाही? त्याचं उत्तर या खेळाच्या रचनेतच आहे. बेसबॉलचा मॅनेजर साठी उलटलेला, पोट सुटलेला असला तरी खेळाडूंसारखाच गणवेश चढवून, पाठीवर नंबर मिरवत डगआउटमध्ये बसतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला असं वाटलं की हा उठतो, सगळ्यांच्या देखत चालत मैदानाच्या मधल्या मातीच्या उंचवट्यापाशी जातो आणि हात पुढे करतो. पिचर चेंडू त्याच्या हातात ठेवून निघून जातो. क्रिकेटमध्ये बुमराहला चार षटकं विश्रांती देऊन पुन्हा आणता येतं. इथे एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. त्यामुळे निर्णय चुकला, तर तो चाळीस-पन्नास हजार लोकांसमोर, सावकाश पावलं टाकत जाऊन चुकलेला असतो. मला वाटतं, चिडवण्याचं मूळ या चालण्यात आहे. खेळाडूची चूक क्षणात होऊन जाते. मॅनेजरची चूक चालत येताना दिसते.

त्या चालण्याचा सर्वांत गाजलेला किस्सा १६ ऑक्टोबर २००३चा. यांकी स्टेडियमवर मालिकेतला सातवा आणि शेवटचा सामना, जिंकेल तो वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टन ५-२ असं पुढे होतं आणि पेद्रो मार्टिनेझ हा त्या काळातला अफाट पिचर अजून मैदानात होता. त्याचे शंभरावर चेंडू टाकून झाले होते, आणि शंभरीनंतर पेद्रो मंदावतो हे आकड्यांतून दिसत होतं. एक बाद झाल्यावर यांकीजच्या जीटरने डबल मारला, मग बर्नी विल्यम्सचा फटका बसला आणि धावफलक ५-३ झाला. बॉस्टनचा मॅनेजर ग्रेडी लिटल चालत आला. बदली पिचर तयार होता. लिटलने पेद्रोला विचारलं, जमेल ना? पेद्रो म्हणाला, जमेल. आणि लिटल रिकाम्या हाताने परत गेला! मग मात्सुईचा डबल, पाठोपाठ पोसाडाचा कुणाच्याच हाती न लागलेला उंच फटका, आणि ५-५ बरोबरी. अकराव्या इनिंगमध्ये टिम वेकफील्डच्या पहिल्याच चेंडूवर होमरन. मारणारा एरन बून, आठव्या इनिंगमध्ये नुसता बदली धावपटू म्हणून आत आलेला.

ऑक्टोबर संपायच्या आत लिटलची नोकरी गेली.

आता २०१८. बून यांकीजचा मॅनेजर म्हणून पहिल्याच मोसमात बाद फेरीच्या मालिकेत बॉस्टनपुढे उभा. दुसरा सामना फेनवेवर यांकीजनी जिंकला आणि त्यांचा धिप्पाड एरन जज निघताना स्पीकरवर ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ वाजवत रेड सॉक्सच्या खोलीवरून गेला. यांकीज घरच्या मैदानावर जिंकले की सिनात्राचं हेच गाणं लागतं. तिसऱ्या सामन्यात बूनचा पिचर सेवेरिनो सुरुवातीपासूनच मार खात होता. तरी बूनने त्याला चौथ्या इनिंगला पाठवलं. एकही बाद न होता तिन्ही बेस भरले, तेव्हा कुठे बून चालत निघाला. त्या इनिंगमध्ये सात धावा गेल्या. शेवट १६-१. नवव्या इनिंगला तर यांकीजनी चक्क कॅचरला, म्हणजे त्यांच्या यष्टिरक्षकाला, चेंडू टाकायला उभं केलं. लिटलच्या ज्या उशिराने बूनला हिरो केलं होतं, तोच उशीर व्याजासकट त्याच्या दारात आला. पुढचा सामनाही जिंकून बॉस्टनने मालिका खिशात घातली, आणि यांकी स्टेडियममधल्या पाहुण्यांच्या खोलीत जल्लोषाला गाणं लावलं तेच, सिनात्राचं.

न्यूयॉर्ककरही काही साधुसंत नाहीत. बॉस्टनचं तोवरचं शेवटचं विजेतेपद १९१८चं, म्हणून कित्येक वर्षं ते नुसतं ‘नाइन्टीन एटीन’ असं तालात ओरडायचे. बॉस्टनने २००४ साली मालिकेत ०-३ अशा पिछाडीवरून यांकीजना हरवलं, मग वर्ल्ड सीरिजही जिंकली, तेव्हा तो आकडा निकालात निघाला. त्या पुनरागमनाची ठिणगी चौथ्या सामन्यात बॉस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सने चोरलेल्या बेसने पडली. नाव लक्षात ठेवा.

मग लिटलने पेद्रोला काढायलाच हवं होतं का? २०२०च्या वर्ल्ड सीरिजमध्ये टॅम्पा बेचा मॅनेजर केव्हिन कॅशने हेच केलं. त्याचा पिचर ब्लेक स्नेलने जेमतेम ७३ चेंडू टाकले होते, संघ १-० पुढे होता. कॅशने त्याला काढलं, त्याच इनिंगमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी दोन धावा घेतल्या आणि विजेतेपद नेलं. लिटलने ठेवला म्हणून शिव्या खाल्ल्या, कॅशने काढला म्हणून. प्रेक्षकांचं एक बरं असतं, त्यांना निकाल कळल्यावर निर्णय घ्यायचा असतो.

यांकीज २०२४च्या वर्ल्ड सीरिजमध्ये पोचले, समोर डॉजर्स. पहिला सामना, दहावी इनिंग, आघाडी एका धावेची. बूनने महिनाभराहून अधिक काळ एकही सामना न खेळलेल्या नेस्टर कोर्टेसला आणलं. त्याच्या पहिल्याच चेंडूवर ओहतानी झेलबाद झाला. मग बेट्सला मुद्दाम, फटका मारू न देता, पहिल्या बेसवर चालत पाठवलं, आणि पुढच्याच चेंडूवर फ्रेडी फ्रीमनने तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. सामना खलास. वर्ल्ड सीरिजच्या इतिहासात असा शेवट कधी झाला नव्हता. मालिका डॉजर्सनी घेतली. त्यांचा मॅनेजर? तोच तो बेस चोरणारा डेव्ह रॉबर्ट्स.

प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांची खरी कला अशा वेळी दिसते. शिव्या कुणीही देतं. मुरलेला चाहता हरलेल्या मॅनेजरचं कौतुक करतो. किती गुणी माणूस, कृपा करून याला काढू नका, दहा वर्षांचा करार द्या! फेब्रुवारी २०२५मध्ये यांकीजनी बूनचा करार खरोखरच २०२७पर्यंत वाढवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बूनने पहिल्या फेरीत बॉस्टनलाच घरी पाठवलं. पुढच्या फेरीत टोरांटोने यांकीजना पाठवलं, आणि बूनला आशीर्वाद देणाऱ्यांत कॅनडाचीही भर पडली.