मुक्कामापुरतं छप्पर

लातूरहून उमरग्याकडे निघालं, औसा मागे पडला, लामजना पाटी गेली, की किल्लारी येतं. तिथून पुढे उमरगा, पुणे-हैदराबाद महामार्ग आणि महामार्गाने आणखी थोडं गेलं की कर्नाटक. या कोरड्या सीमापट्ट्यात ज्याचं कुणी सोयरं नाही आणि ज्याला रात्र काढायची आहे, तो लॉजवर उतरतो. काम किल्लारीत असलं तरी मुक्काम बहुतेकांचा लातूरला नाहीतर उमरग्याला. स्टँडसमोर दोन-तीन मजली इमारत, खाली मोबाइलचं नाहीतर औषधांचं दुकान, बाजूने वर जाणारा अरुंद जिना आणि जिन्याच्या तोंडाशी रंग उडालेली पाटी. मराठवाड्यावरच्या पुस्तकांत वेरूळ-अजिंठा असतं, परळी, औंढा, तुळजापूर असतं. हा जिना कुठेच नसतो. तो नोंदवावा असं मला फार दिवसांपासून वाटत होतं, कारण शाळा, दवाखाना आणि एसटी स्टँड यांच्याइतकीच ही जागा लोकांच्या रोजच्या गरजेची आहे.

इथे सहलीला आलेलं कुणी नसतं. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीन किंवा तूर घेऊन आलेला शेतकरी, ज्याच्या मालाचा काटा आज झाला नाही. डाळमिलचं यंत्र बसवायला आलेला फिटर. औषध कंपनीचा एमआर, बियाण्यांचा प्रतिनिधी, कोर्टाची तारीख असलेला माणूस. सरकारी रुग्णालयात पेशंट दाखल करून रात्रीपुरता पाठ टेकायला आलेला भाऊ. दहावीचा निकाल लागला की वेगळीच गर्दी. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने परभणी, हिंगोली, बीड, नांदेडकडून मुलामुलींना घेऊन आलेले आईवडील. दिवसभर कॉलेज, क्लास, मेस आणि मुलीसाठी खोली शोधत फिरायचं आणि रात्री लॉजच्या पलंगावर बसून खर्चाची बेरीज करायची. ती बेरीज जुळेल की नाही यावर एखाद्या मुलीचं पुढचं शिक्षण ठरत असतं. लॉजचं भाडं त्या बेरजेतली सगळ्यात लहान रक्कम असावी लागते, आणि स्वस्त लॉजचं मोल मला तिथेच दिसतं.

खोलीत काय असतं? लोखंडी किंवा प्लायचा पलंग, पातळ गादी, भिंतीला खुंट्या, एक आरसा, प्लॅस्टिकची खुर्ची. संडास-बाथरूम खोलीत असेल तर ‘अटॅच’, नाहीतर ‘कॉमन’. बादली आणि मग. गरम पाणी सकाळी ठरलेल्या वेळेपुरतं. जुन्या लॉजांत खोली न घेता नुसती कॉटही मिळायची. एका हॉलमध्ये ओळीने कॉट, प्रत्येकाने आपली पिशवी उशाला घ्यायची. पैसे कमी असलेल्या माणसाला ती सोय फार मोलाची होती. चेकआउट पुष्कळ ठिकाणी ‘चोवीस तास’. ज्या वेळी आलात त्या वेळेपर्यंत खोली तुमची. रात्री दोनच्या गाडीने उतरणाऱ्याला यासारखा न्याय्य नियम दुसरा नाही. मोठ्या हॉटेलांच्या दुपारी बाराच्या नियमापेक्षा तो कितीतरी माणुसकीचा आहे.

काउंटरवरची वही हेच लॉजचं खरं कागदपत्र. नाव, वय, गाव, कुठून आला, कुठे जाणार, कामाचं स्वरूप, सोबत किती माणसं, आल्याची वेळ, सही. त्यासोबत आधारची झेरॉक्स. पाहुणा परदेशी असेल तर २४ तासांच्या आत तशी माहिती सरकारला कळवावी लागते. या नोंदींमागे जुनी परंपरा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ साली सराई कायदा झाला. प्रवाशांना उतरवून घेणाऱ्या जागांची नोंदणी त्याने सक्तीची केली आणि सराई चालवणाऱ्याची कर्तव्यं लिहून ठेवली: खोल्या, पडव्या, गटारं साफ ठेवायची, ज्या विहिरीतून किंवा टाकीतून पाहुण्यांना पाणी मिळतं ती स्वच्छ ठेवायची, भिंती, छप्पर, दरवाजे दुरुस्त ठेवायचे, माणसं, जनावरं आणि गाड्या यांच्या रक्षणासाठी पुरेसे राखणदार नेमायचे, आणि दरपत्रक दिसेल असं लावायचं. चोराला आत शिरायला उपयोगी पडेल अशी झाडाची फांदी तोडायची, हेही त्यात आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे हा कायदा इथला नव्हे. तरीही लॉज चांगला की वाईट हे ठरवायला मला आजही याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. पाणी, छप्पर, राखण आणि उघड सांगितलेला दर.

वहीतल्या गावांच्या रकान्यावरून नजर फिरवली की हा पट्टा सीमेवरचा आहे हे लगेच कळतं. भालकी, बसवकल्याण, बिदर, कलबुर्गी, जहीराबाद. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. बिदर आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) म्हैसूर राज्यात गेले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. ते तेव्हा उस्मानाबादला जोडले गेले. पुढे १९८२मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. माणसं जागच्या जागी राहिली, कचेऱ्या हलल्या. रोटीबेटीचे व्यवहार सीमेपलीकडे चालूच आहेत, त्यामुळे लॉजचा मॅनेजर मराठीत सुरुवात करतो, समोरच्याचा चेहरा पाहून दखनीवर येतो आणि गरज पडली तर कानडीत भाव सांगतो. बिदरहून आलेल्या म्हातारीला आपल्या बोलीत ‘या, बसा’ ऐकू येणं, हा तिच्या आजारपणातला केवढा आधार असतो! भाषेवरून ताणाताणी करणाऱ्यांनी अशा काउंटरवर तासभर बसून पाहावं.

उन्हाळ्यात या लॉजांची परीक्षा असते. एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्री खोलीत उतरते. एसी परवडत नाही, म्हणून कूलर. त्याचं तंत्र साधं आहे. छोटा पंप टाकीतलं पाणी गवताच्या किंवा लाकडी काथ्याच्या जाळीवर सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या जाळीतून ओढतो, आणि पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते. हवा जितकी कोरडी तितका कूलर गुणी. मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग नाही. बिकानेर-जैसलमेरला, विदर्भात आणि आमच्याकडे आहे. पण अडचण नेमकी इथेच आहे. हवा सगळ्यात कोरडी असते तेव्हा पाणीही सगळ्यात कमी असतं, आणि कूलर एका रात्रीत कित्येक बादल्या पाणी संपवतो. पाहुण्याला गारवा द्यायचा की आंघोळ, असा प्रश्न मालकापुढे खरोखर उभा राहतो.

२०१६च्या उन्हाळ्यात तो प्रश्न अख्ख्या लातूर शहरापुढे उभा राहिला. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींतून एकेका खेपेला २५ लाख लिटर. ‘जलदूत’ नावाची ही गाडी ऑगस्टपर्यंत धावत राहिली. त्या दिवसांत लॉज चालवणं म्हणजे टँकर मिळवणं होतं. ज्यांनी दारं उघडी ठेवली त्यांनी शहराची सेवाच केली, असं मी मानतो, कारण दवाखाने आणि बाजार चालू होते, माणसं येतच होती आणि त्यांना कुठेतरी उतरायचं होतंच. बाहेरगावच्या माणसाला त्या काळात बादलीभर पाणी देणारा लॉजवाला माझ्या लेखी पाणपोई घालणाऱ्याच्या पंक्तीला बसतो.

आणि छप्पर. किल्लारीच्या परिसरात झोपायला आलेल्या माणसाने वर पाहिल्याशिवाय दिवा मालवू नये. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी ही नावं त्या दिवशी देशाला माहीत झाली.

माणसं गेली ती घरांमुळे. दगडमातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती. आतला आणि बाहेरचा दगड वेगवेगळा रचलेला, दोन्हींना बांधून ठेवणारा लांब दगड नाही, सिमेंट नाही, मध्ये नुसता भराव. वर माळवद: लाकडी तुळया, फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती टाकायची, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. थर वाढत गेला, वजन वाढत गेलं. हे घर उन्हाळ्यात इतकं गार असायचं की त्यापुढे कुठलाही कूलर फिका. ज्या मातीने उन्हापासून राखलं तीच त्या पहाटे अंगावर आली. पूर्वी पाहुणा म्हणून किल्लारीत उतरणारा याच गारव्यात झोपायचा, हे आठवलं की जीव कातर होतो.

शास्त्रज्ञांनाही हा धक्का होता. दख्खनचं पठार स्थिर मानलेलं होतं, आणि लातूरचा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. कारण शोधायला हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. काळ्या दगडाचा थर ३३८ मीटरवर संपला. २००२ साली बांधकामाच्या भारतीय मानकात बदल झाला, पहिलं क्षेत्र रद्द झालं आणि लातूर-किल्लारीचा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. ही माहिती लॉजच्या जिन्यावर फार महत्त्वाची आहे. १९९३च्या आधी या पट्ट्यात जी पक्की इमारत बांधली गेली, तिच्या नकाशात भूकंपाचा विचार असण्याची शक्यता कमीच. स्वस्त लॉज बहुधा जुन्या इमारतींत असतात. वर आणखी मजला चढवलेला, गच्चीवर पाण्याच्या मोठ्या टाक्या. माळवदावर माती चढत गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. गच्चीवरच्या वजनाबाबत तेच पुन्हा होऊ देऊ नये.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी बसवली गेली. नवं किल्लारी जुन्यापासून काही अंतरावर आहे, रस्ते सरळ, घरं एकमेकांपासून सुटी. पण कितीतरी माणसं वर्षानुवर्षं पक्क्या घरात झोपायला धजली नाहीत. अंगणात पत्र्याची शेड घालून तिथेच पाठ टेकायची. ज्या भागाने असं रात्रीचं भय सोसलं, त्या भागात परक्याला निवारा देणं हा नुसता धंदा उरत नाही.

निवाऱ्याची दुसरी एक तऱ्हा याच भागात, नांदेडला आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींचं जिथे निर्वाण झालं, त्या तख्त सचखंड हजूर साहिबच्या आवारात आणि भोवती यात्री निवासांचं जाळं आहे. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने आलेला माणूस उतरतो, निवासात नाव नोंदवतो, लंगरमध्ये जेवतो. २००८च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या वेळी या व्यवस्थेने अफाट गर्दी सांभाळली. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चार हजारांच्या आसपास यात्रेकरू इथे अडकले आणि महिन्याहून अधिक काळ राहिले. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला महिनाभर ठेवून घेणं ज्या गावाला जमतं, त्या गावाकडून बाकीच्या मराठवाड्याने शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

कारण आमच्या लॉजांचं एक दार अजून पुरतं उघडलेलं नाही. एकटी बाई काउंटरवर आली की मॅनेजर गडबडतो. ‘सोबत कोण आहे?’ हा पहिला प्रश्न, आणि पुष्कळदा ‘खोली शिल्लक नाही’ हे उत्तर. मुलाखतीला आलेली मुलगी, दवाखान्यात आईजवळ राहणारी लेक, प्रशिक्षणाला आलेली आशा कार्यकर्ती यांनी रात्री कुठे जावं? पोलीस भरतीच्या दिवसांत उमेदवार मुलं-मुली स्टँडवर आणि फुटपाथवर झोपलेली महाराष्ट्राने अनेकदा पाहिली आहेत. मुक्कामी एसटीचे चालक-वाहकही खेड्यात गाडीतच, नाहीतर शाळेच्या वऱ्हांड्यात रात्र काढतात आणि पहाटे तीच गाडी घेऊन निघतात. ज्यांच्यामुळे या पट्ट्याची ये-जा चालते त्यांनाच अंथरूण नाही, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

एसटीच्या प्रत्येक आगारात आणि तालुक्याच्या नगरपालिकेच्या जागेत कॉट मिळेल असा एक स्वच्छ हॉल बायकांसाठी आणि एक पुरुषांसाठी असावा, ही मागणी मोठी नाही. लॉजमालकांना विनंती आहे ती अशी: जिन्याच्या तोंडाशी दर लिहा, टाकी शेवटची कधी धुतली ती तारीख लिहा, इमारत कोणत्या साली बांधली आणि अभियंत्याने ती कधी तपासली ते लिहा, आणि एकटी आलेल्या बाईला खोली द्या. आपणही पुढच्या मुक्कामाला वहीत सही करण्याआधी या गोष्टी विचारा. पाहुणा विचारू लागला की मालक लिहू लागेल.