उंचीचा रकाना, क्रमांकाचा रकाना

खोपोलीच्या इमॅजिकामध्ये २०१३ साली नायट्रो सुरू झाला आणि रोलर कोस्टरची माझी यादी तिथून सुरू झाली. त्याआधी गोराईच्या एस्सेलवर्ल्डमधला हूला लूप होताच, पण ‘हा त्याच्यापेक्षा सरस का?’ हा प्रश्न पडायला दुसरा तोलामोलाचा कोस्टर लागतो. नायट्रोमुळे तो पडला. पुढच्याच वर्षी गूगल शीट्सचं फोनवरचं वेगळं अ‍ॅप आलं आणि वहीतली यादी फोनवर गेली. नोकरीसाठी न्यू जर्सीत राहायला आल्यावर ती वाढतच राहिली. आज तो तक्ता वरून खाली वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. उंचीचा रकाना आणि क्रमांकाचा रकाना यांचं एकमेकांशी फारसं जमत नाही.

पहिली काही वर्षं गुणांची होती. प्रत्येक कोस्टरला दहापैकी गुण, आणि त्या गुणांवरून क्रम. यादी लहान असेपर्यंत हे छान चाललं. ती वाढली तसे बहुतेक चांगले कोस्टर आठ ते नऊच्या मध्ये दाटीवाटीनं जमले. साडेआठ आणि पावणेनऊ यांतला फरक शरीराला कळत नाही, आणि जूनमध्ये दिलेला साडेआठ हा ऑक्टोबरमधल्या साडेआठइतकाच असतो याची खात्री देता येत नाही.

याचं उत्तर कोस्टरवेड्या मंडळींनी फार आधी शोधून ठेवलं होतं. मिच हॉकर यांनी १९९४ पासून इंटरनेटवर लाकडी कोस्टरसाठी मतचाचणी घेतली. लोकांनी आपापला क्रम द्यायचा आणि त्यातून कोस्टरची एकेक जोडी तपासायची. एखाद्या जोडीसाठी मत धरायचं ते फक्त त्या दोन्हींवर बसलेल्यांचं. त्यामुळे आडगावातला, थोड्यांनीच पाहिलेला कोस्टरही प्रसिद्ध कोस्टरला हरवू शकत असे.

ही जोडीची रीत मी माझ्या तक्त्यात आणली. नवीन कोस्टर आला की आधी त्याची गाठ यादीच्या मधल्या कोस्टरशी घालायची. सरस ठरला तर वरच्या अर्ध्या भागातल्या मधल्याशी, नाहीतर खालच्या. शंभर कोस्टर असले तरी सात तुलनांत जागा सापडते. प्रश्न दर वेळी एकच असतो: आत्ता दोन्हींना रांग नसेल, तर पाय आधी कुठे वळतील? गुणांचा रकाना मी पुसून टाकला.

त्यानंतर यादीची उलथापालथ झाली. न्यू जर्सीतल्या ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधला किंगडा का हा १३९ मीटर उंचीचा, तेव्हा जगातला सर्वांत उंच कोस्टर होता. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटरचा वेग. पेनसिल्व्हेनियातल्या क्नोबेल्स उद्यानाचा फीनिक्स लाकडी, उंची जेमतेम २४ मीटर. तो १९४७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत रॉकेट या नावानं उभा राहिला, तिथलं उद्यान बंद पडल्यावर सुटा करून आणला गेला आणि १९८५ पासून इथे धावतो आहे. माझ्या तक्त्यात फीनिक्स तिसरा आहे. किंगडा का त्याच्या बराच खाली.

याचं कारण एअरटाइममध्ये आहे. गाडी टेकाडाच्या माथ्यावरून खाली वळते, शरीर मात्र आधीच्याच दिशेनं वर जाऊ पाहतं. त्या क्षणी मांड्या आसनावरून सुटतात आणि पोटात गोळा येतो. किंगडा का एकदाच प्रचंड वर नेऊन खाली आणायचा, सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटपायचा. फीनिक्स मात्र छोट्या छोट्या टेकाडांवर पुन्हा पुन्हा उचलतो. मांडीवर एकच सैल दांडा असल्यानं शरीराला उठायला जागाही मिळते. पहिले दोन क्रमांक ज्यांचे आहेत, ओहायोच्या सीडर पॉइंटमधला स्टील व्हेंजन्स आणि ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधला एल टोरो, तेही याच उचलण्यात तरबेज आहेत. २००६ च्या एल टोरोचा लाकडी रूळ कारखान्यात अचूक कापून आणून जोडला आहे. म्हणून लाकडी असूनही तो हिसके देत नाही, थेट हवेत फेकतो.

पुढे ‘डबा’ असा एक रकाना वाढवला आणि त्यानं बरंच शिकवलं. पहिल्या उतारावर पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडीचा बाकीचा भार अजून चढावर असतो, म्हणून तो रेंगाळतो. शेवटचा डबा माथ्यावर पोहोचेपर्यंत गाडी सुसाट निघालेली असते, म्हणून तो अक्षरशः ओढून नेला जातो. एकाच कोस्टरच्या पुढच्या आणि मागच्या डब्यांत दोन निराळे अनुभव असतात. डबा लिहिला नसेल तर तुलनाच अपुरी.

नावांनीही कस पाहिला. ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमध्ये २००१ पासून एक नायट्रो आहे, तोही बोलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचाच. पण तो ७० मीटरचा, एकदाही उलटं न करणारा. खोपोलीचा नायट्रो साधारण ४० मीटरचा, पायांखाली डब्याचा तळ नसलेला, गरागरा उलटं करणारा. त्याचं खरं नातं ग्रेट अ‍ॅडव्हेंचरमधल्याच मेडुसाशी आहे. १९९९ सालचा मेडुसा हा जगातला पहिला बिनतळाचा कोस्टर. २००९ मध्ये त्याचं नाव बिझारो झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा मेडुसा. माझ्या यादीत खोपोलीचा नायट्रो आणि मेडुसा वर्षानुवर्षं शेजारी आहेत आणि जागा बदलत असतात.

स्टील व्हेंजन्सचा पेच आणखी खोल. १९९१ चा मीन स्ट्रीक हा लाकडी कोस्टर २०१६ मध्ये बंद झाला. त्याच्याच सांगाड्यावर पोलादी रूळ चढवून २०१८ मध्ये हा नवा आला. हर्शीपार्कनं २०२३ मध्ये आपल्या वाइल्डकॅट या लाकडी कोस्टरचं असंच केलं. मी अशांना दोन स्वतंत्र ओळी देतो, कारण लाकूड जुनं असलं तरी शरीराला जाणवणारा रूळ नवा असतो. फीनिक्ससारखा जागा बदललेला कोस्टर मात्र एकाच ओळीत. ओळख पक्की राहावी म्हणून ड्युएन मार्डेन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या रोलर कोस्टर डेटाबेसमधला क्रमांक प्रत्येक ओळीत लिहिलेला आहे. नावं बदलतात, तो बदलत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये किंगडा का कायमचा बंद झाल्याचं जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो स्फोटानं पाडला गेला. त्याच्याशी आता ताजी तुलना होणार नाही. तेव्हापासून ‘टीप’ हा रकाना सर्वांत मोलाचा झाला आहे. प्रत्येक ओळीत दोन-तीन वाक्यं: कुठे उचललं, कुठे रटाळ झालं, पुन्हा बसावंसं का वाटलं. बंद पडलेल्या कोस्टरची जागा मी त्या वाक्यांच्या भरवशावर ठरवतो.

कुणाला असा तक्ता सुरू करायचा असेल तर नाव, उद्यान, तारीख, डबा आणि टीप एवढे रकाने पुरेत. फोन लॉकरमध्ये ठेवूनच बसावं आणि खाली उतरल्यावर, पुढच्या रांगेत उभं राहण्याआधी लिहावं. उंची आणि वेग हवे तर नंतर भरावेत; ते आकडे उद्यानवाले जाहिरातीत छापतातच. टीप मात्र नंतर कुठूनही मिळवता येत नाही.