काळ्या मातीचा पापुद्रा आणि विरणारी पिशवी

सन २०१८ मध्यें महाराष्ट्रांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. त्यानंतर ‘विघटनशील’ असा छाप असलेल्या पिशव्यांचा बोलबाला वाढला. ही पिशवी आपोआप विरून जाते या समजुतीनें पुष्कळ घरांतून ती निःशंकपणें परसांत फेंकली जाते. आमच्या रेडीसारख्या किनाऱ्यावरच्या गांवीं वाळूंतही पडते. म्हणून ती कशाची होते व केव्हां विरते, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

तिचा एक घटक पॉलिलॅक्टिक ॲसिड. दूध विरजतांना ज्या जातीचे जंतू आंबटपणा आणतात, त्याच जातीच्या जंतूंकडून उंसाची साखर किंवा मक्याचा स्टार्च आंबवून घेतात. त्यांतून निघालेल्या अम्लाचे कण जोडून लांब साखळी केली कीं हें प्लॅस्टिक झालें. प्राज इंडस्ट्रीज या कंपनीनें जेजुरी येथें त्याचें प्रायोगिक केंद्र ऑक्टोबर २०२४ मध्यें सुरू केलें, हें आपल्या उंसाच्या मुलखास शोभणारेंच आहे. पण हा पदार्थ स्वभावानें फार कडक. ताणला कीं तडकतो, आणि साठ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास मऊ पडतो. त्याच्या पेल्यांत कढत चहा ओतला तर पेला हातांतच वांकेल.

म्हणून त्यांत पीबीएटी नांवाचा लवचिक पदार्थ मिसळतात. हा बहुधा खनिज तेलापासून होतो, तरी जंतू त्यास खाऊं शकतात. विरणें हें उगमावर अवलंबून नसून, साखळीचे सांधे जंतूंच्या पाचक रसांनीं तुटतात कीं नाहीं यावर असतें. पुष्कळ शिकलेल्या मंडळींच्याही हें ध्यानांत येत नाहीं. मात्र हीं दोन द्रव्यें दूधसाखरेसारखीं एकजीव होत नाहींत. व्याकरणाच्या भाषेंत हा द्वंद्व समास. दोन्ही पदें आपलें प्राधान्य सोडीत नाहींत. तेव्हां दोहोंस धरून ठेवणारें तिसरें द्रव्य थोडें घालावें लागतें.

मातीची कथा याहून मनोरंजक आहे. घाटावरची काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते, कारण तींत मॉन्टमोरिलोनाइट जातीचें खनिज असतें. त्याचे पापुद्रे पोथीच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेले असून पाणी त्यांच्यामध्यें शिरतें. एका पानाची जाडी सुमारें एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जांश! आमच्या तांबड्या मातींतलें केओलिनाइट याच्या उलट. त्याचीं पानें एकमेकांस घट्ट धरून असतात, म्हणून ती माती तशी फुगत नाहीं. कच्छांतील बेंटोनाइट मात्र फुगणाऱ्या जातीचें. पण तें पाण्याचें मित्र, प्लॅस्टिकचें नव्हे. म्हणून पानांमधील सोडियमच्या जागीं लांब शेपटीचे अमोनियम क्षार बसवून पानें विलग करतात, मग वितळलेलें प्लॅस्टिक आंत शिरतें. शेंकडा दोन ते पांच इतकी माती पुरते. टोयोटाच्या संशोधनशाळेंत हा प्रयोग प्रथम नायलॉनवर यशस्वी झाला. पुढें विरणाऱ्या प्लॅस्टिकांवरही झाला. पदार्थ ताठ होतो, आणि हवेस व ओलीस पानांना वळसे घालीत जावें लागल्यानें आंतला जिन्नस अधिक टिकतो. पानें सुटीं न होतां गोळा होऊन राहिलीं, तर मात्र तीच माती भातांतल्या खड्यासारखी होते व तेथूनच तडा जातो.

माती घातल्यानें विरणें थांबतें काय? कांहीं प्रयोगांत तें उलट जलद झालेलें दिसलें, कांहींत मंदावलें; मातीवर कोणता संस्कार केला यावर तें असतें. परंतु छाप कोणत्या कसोटीचा आहे हें विसरतां कामा नये. आयएसओ १७०८८ या मानकाची कसोटी सुमारें ५८ अंश उष्णतेच्या कंपोस्टांत लावतात. १८० दिवसांत पिशवींतील कर्बाचा शेंकडा ९० भाग वायुरूप झाला पाहिजे. इतकी ऊब मोठ्या, ओलसर, वरचेवर उलथलेल्या ढिगांतच टिकते. माडाच्या आळ्यांत किंवा यशवंतगडाजवळच्या वाळूंत ती नाहीं. समुद्राच्या पाण्यांत तर पॉलिलॅक्टिक ॲसिड वर्षानुवर्षें राहूं शकतें.

तेव्हां असा ढीग जवळपास नसेल, तर आमच्या मतें जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी बरी. विकतची घेतलीच, तर नुसत्या ‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दावर न जातां ‘कंपोस्टेबल’ हा शब्द व केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक पाहावा. आणि ती साध्या प्लॅस्टिकच्या रद्दींत मिसळूं नये, कारण पुन्हां वितळवतांना ती सारा घाणा बिघडवूं शकते.