कोबेहून वार्तापत्र : तारीख नव्हे, उंची बघून या

यंदा अधिक ज्येष्ठामुळे दिवाळी लांबली आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, भाऊबीज 11 ला. बडनेऱ्याचे माझे मोठे बाबा आणि मोठी आई भाऊबीज आटोपून जपानला यायचं म्हणताहेत. अमरावती-अकोल्याकडच्या आणखी काही घरांतूनही अशीच विचारणा होते आहे. मुलगा किंवा सून इकडे नोकरीला, आणि आईवडील आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर निघणार. पंचांगातला हा उशीर जपानच्या ऋतुमानाला चांगला जुळून आला आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि डिसेंबरचे पहिले काही दिवस हा क्योतो, ओसाका, कोबे या पट्ट्यात मेपलची पानं लाल होण्याचा काळ. म्हणून हे वार्तापत्र सगळं त्या प्रवासाबद्दल.

मोठ्या आईचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "पानं पाहाले कोनी एवढ्या दूर जाते काय?" प्रश्न रास्त आहे. वऱ्हाडात पानगळ म्हणजे उन्हाळ्याची चाहूल. मेळघाटातला साग फेब्रुवारी-मार्चात पानं टाकतो, ती तपकिरी, कडक, पायाखाली करकरणारी. जमिनीतली ओल कमी झाली की झाड पाणी वाचवण्यासाठी पानं सोडून देतं. आपल्याकडे लाल रंग दिसतो तो नव्या पालवीत, मार्चात कुसुमाच्या झाडावर, किंवा पळसाच्या फुलांत. जपानातलं झाड पान सोडतं ते थंडीपायी, आणि सोडण्याआधी त्याला रंग चढतो. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की पानातलं हरितद्रव्य मोडू लागतं. गिंकोसारख्या झाडाच्या पानात पिवळा रंग आधीपासून असतोच, हिरवा हटला की तो उघडा पडतो. मेपलचा लाल मात्र त्याच दिवसांत नव्यानं तयार होतो. देठाशी पडदा धरू लागतो, पानातली साखर फांदीकडे जायची थांबते, आणि उन्हाच्या मदतीनं तिच्यापासून लाल रंगद्रव्य बनतं. म्हणून ज्या वर्षी दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक गारवा, त्या वर्षी रंग उत्तम. रात्रीचं तापमान 8 अंशांच्या खाली उतरू लागलं की रंग धरायला सुरुवात होते. ढगाळ, उबदार नोव्हेंबरात पानं मळकी राहतात.

या रंगाची इथे जी सार्वजनिक दखल घेतात, ती मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत काय निघालं हे बुलढाण्यापासून अमरावतीपर्यंत प्रत्येक पारावर बोललं जातं. जपानात सप्टेंबरपासून तसं बोलणं लाल पानांचं सुरू होतं. वेदरन्यूजसारख्या हवामान कंपन्या ठिकाणवार अंदाज काढतात, तो दर काही दिवसांनी सुधारतात, दूरचित्रवाणीवर नकाशा दाखवतात. सरकारी हवामान संस्थेची तर शहरोशहरी नेमून दिलेली झाडं आहेत. त्या झाडावरची बहुतेक पानं लाल झाली की त्या शहरात मेपलला रंग चढल्याची तारीख अधिकृतपणे नोंदवतात. 2021 पासून या संस्थेनं ऋतूंच्या नोंदींना मोठी कात्री लावली. बेडूक, सिकाडा सगळे वगळले, वनस्पतींच्याही फक्त सहा जाती ठेवल्या. त्या सहांत मेपल आणि गिंको आहेत.

या नोंदी 1953 पासूनच्या आहेत, आणि त्या सांगतात की मेपल लाल होण्याची तारीख दर दहा वर्षांना साधारण तीन दिवसांनी पुढे सरकते आहे. म्हणजे मोठे बाबा शाळेत होते तेव्हाचा क्योतोचा हंगाम आणि आजचा हंगाम यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडलं. 2023, 2024 आणि 2025 हे तिन्ही उन्हाळे जपाननं अतिशय तापलेले काढले, त्यातला 2025 चा तर नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत गरम. वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाळ्याचं वेगळं काही सांगायला नको. पण ज्या देशाची दिनदर्शिका, कपडे, मिठाई सगळं ऋतूच्या तिथीला बांधलेलं, तिथे तिथीच हलू लागली की म्हातारी माणसं अस्वस्थ होतात. ते इथल्या शेजाऱ्यांच्या बोलण्यात जाणवतं आणि मलाही लागतं.

तेव्हा पहिली गोष्ट. जुन्या पर्यटन पुस्तकांतली तारीख धरून तिकीट काढू नका. तारखेपेक्षा उंची बघा.

हा रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरावरून खाली उतरतो. देशात सगळ्यांत आधी तो होक्काइदोच्या दाइसेत्सु पर्वतरांगेत लागतो, सप्टेंबरच्या मध्याला. तोक्योच्या उत्तरेला निक्कोचं चुझेनजी सरोवर 1,269 मीटरवर आहे. तिथे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात बहर असतो आणि खालच्या निक्को गावातल्या मंदिरांत नोव्हेंबरात. दर शंभर मीटरला तापमान अर्ध्या-पाऊण अंशानं उतरतं, त्यामुळे एकाच गावात तीन-चार आठवड्यांचा हंगाम एकावर एक रचलेला सापडतो. आमचं कोबे त्याचा चांगला नमुना आहे. शहराच्या पाठीशी रोक्को डोंगर आहे, उंची 931 मीटर, म्हणजे चिखलदऱ्यापेक्षा थोडा ठेंगणाच. माथ्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच रंग असतो. डोंगरापलीकडच्या आरिमा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, झुइहोजी बागेत, तो मध्याच्या पुढे येतो. आणि बंदराजवळच्या सोराकुएन बागेत महिनाअखेरीला. एक बहर हुकला तर केबल कारनं वर जा किंवा बसनं खाली उतरा, कुठे ना कुठे तो भेटतो. एका मंदिराच्या एका दिवसावर सगळा प्रवास टांगून ठेवला तर मात्र पस्तावायची वेळ येते.

आता यंदाचा बेत. 23 नोव्हेंबरला इथे श्रमिकांच्या कृतज्ञतेची सुट्टी असते, आणि यंदा तो सोमवार आहे. शनिवार, रविवार, सोमवार असे सलग तीन दिवस निम्मा देश क्योतोकडे निघेल. त्या तीन दिवसांत क्योतोत पाऊल टाकू नये. मी घरच्यांना 24 नंतर उतरा असं सांगितलं आहे. पहिले दोन दिवस कोबेत आराम, मग क्योतोच्या फेऱ्या आठवड्याच्या मधल्या वारी, पहाटे निघून. मुक्काम क्योतोत नको. हंगामात तिथले खोल्यांचे भाव चढतात, त्यात 1 मार्च 2026 पासून क्योतो शहरानं मुक्कामावरचा कर वाढवला आहे, सगळ्यांत महागड्या खोल्यांना माणशी रात्रीला 10,000 येनपर्यंत. कोबेहून क्योतो जलद लोकलनं पाऊण-एक तासावर आहे. नातेवाईक नसतील त्यांनी ओसाकात राहावं, तिथून ते आणखी जवळ पडतं. परदेशी प्रवाशांचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 वर गेला. एवढ्याशा फिरण्याला तो परवडत नाही, घेऊ नका.

क्योतोत सगळं बघायचा हट्ट सोडावा. एकच ठिकाण निवडायचं तर मी तोफुकुजी निवडेन. तिथल्या घळीत सुमारे दोन हजार मेपल आहेत आणि घळीवरून लाकडी छताचा पूल जातो. पुलावरून खाली बघितलं की झाडांचे शेंडे दिसतात, खोडं नाहीत. अशी आख्यायिका सांगतात की या मठातल्या मिंचो नावाच्या चित्रकार भिक्षूनं शोगुनकडे बक्षीस म्हणून एकच मागणं केलं, आवारातली चेरीची झाडं तोडून टाका, कारण फुलांच्या मोहानं इथे ध्यान सोडून मौजमजा होईल. चेरी गेली, मेपल आले, आणि आज मौज करायला त्याहून मोठी गर्दी लोटते. तिथे दार उघडायच्या वेळी हजर राहावं, दहानंतर पुलावर उभं राहायलाही मिळत नाही. एइकांदो मंदिरही तितकंच सुंदर आहे. गुडघे दुखत असतील तर ताकाओचं जिंगोजी टाळा, चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आमच्या मोठ्या बाबांना मी ते नावही सांगितलेलं नाही, नाहीतर ते हट्टानं चढतील.

एक सुचवतो. झाड लांबून बघून फोटो काढून पुढे जाऊ नका. मेपलच्या खाली उभं राहा, उन्हाकडे तोंड करा आणि पान खालच्या बाजूनं बघा. जपानी मेपलचं पान दोन-अडीच इंचांचं, पाच ते सात टोकांचं, कडेला बारीक दाते. ऊन पलीकडून आलं की शिरा काळसर दिसतात आणि मधला भाग पेटून उठतो. एकाच फांदीवर टोकाची पानं लाल, मधली केशरी, खोडाजवळची अजून हिरवी असतात. आकाशाकडच्या, उघड्यावरच्या पानांना आधी रंग चढतो. मोठ्या आईच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे, ते तिला इथे आल्यावर झाडाखाली द्यायचं आहे.

ओसाकाच्या उत्तरेला मिनो नावाचं गाव आहे. स्टेशनपासून धबधब्यापर्यंत ओढ्याकाठानं पाऊण तासाची सोपी, फरसबंद वाट. 33 मीटरचा धबधबा, दोन्ही काठांना मेपल. या वाटेवर मेपलच्या पानांची भजी मिळतात. पिवळी पडलेली पानं गोळा करून धुतात, मिठात वर्षभर मुरवतात, मग मीठ काढून मैदा, साखर आणि तिळाच्या पिठात बुडवून मंद आचेवर सावकाश तळतात. कढईपाशी बाई एकेक पान देठाला धरून तेलात सोडते, तेव्हा पाचही टोकं पसरलेली राहतील याची काळजी घेते. पानाला स्वतःची चव फारशी नसते, खरपूस गोड कुरकुरीत लागतं. मांसमच्छी नसलेला हा खाऊ शाकाहारी माणसाला निर्धास्त देता येतो.

जपानात निर्धास्त देण्यासारखं फार थोडं आहे, म्हणून खाण्याबद्दल सविस्तर सांगतो. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी नसते. रस्सा, सार, नूडल्सचं पाणी, भाजीवरची आमटी, सगळ्यात वाळवलेल्या मासळीचा अर्क असतो, आणि इथल्या लोकांना त्यात मासा आहे असं वाटतही नाही. विचारताना 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'मासळीचा अर्कही नको' असं कागदावर जपानीत लिहून घेऊन यावं. मठांतलं भिक्षूंचं जेवण शाकाहारी असतं, महाग असतं. घरून चिवडा, शेव, भाजणी, तिखट, मेतकूट आणा. कोबेत भारतीय किराणा मिळतो, कारण इथली भारतीय वस्ती जुनी आहे. 1893 च्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन कंपनीनं टाटांच्या साथीनं कोबे-मुंबई जहाजसेवा सुरू केली, ती मुख्यतः हिंदुस्थानी कापसासाठी. ज्या कापसापायी बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत आगगाडीचा फाटा टाकला गेला, तोच वऱ्हाडी कापूस मुंबईच्या गोद्यांतून पुढे निघत होता. व्यापारी मागोमाग आले. इथलं 1985 चं जैन मंदिरही त्याच वस्तीचं. मोठे बाबा आले की त्यांना बंदरावर नेणार आहे. त्यांनी जिनिंगमध्ये आयुष्य काढलं आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. तिकिटं पोळ्याच्या आत काढा. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईला विमानसेवा 16 एप्रिल 2025 ला सुरू झाली, तरी पुढचं विमान चुकू नये म्हणून एक रात्र मुंबईत धरावीच. मुंबईहून ओसाकाच्या कान्साई विमानतळाला थेट विमान नाही, बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला बदलावं लागतं. व्हिसासाठी इथल्या नातेवाइकाची निमंत्रणाची कागदपत्रं लागतात, ती दसऱ्याआधी हाती असू द्या. उजेड लवकर जातो, क्योतोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारचं लांब जेवण नको. सकाळी पारा पाच-सहा अंशांवर असतो. मंदिरांत जोडे काढून लाकडी फरशीवर चालायचं असतं आणि ती फरशी बर्फासारखी गार असते. लोकरी मोजे आणि न बांधता घालता येणारे जोडे आणा. रस्त्यात कचऱ्याचे डबे नसतात, पिशवीत कचरा साठवून घरी आणतात. मोठ्या बॅगा घेऊन गाडीत चढू नका, सामान घरपोच पाठवणारी सेवा इथे उत्तम आहे, विमानतळावरच सोपवता येतं.

हवा उबदार राहून रंग लांबलाच तर क्योतोतल्या शिमोगामो देवळाभोवतीची राई आहे, तिथे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बहर असतो. उलट थंडी लवकर पडून झाडं झडली असतील तर खाली पडलेल्या पानांचा सडा बघायलाही इथली माणसं मुद्दाम जातात. शेवाळाच्या हिरव्यावर लाल पानं पडलेली, तीही कुणी झाडत नाही.

मोठ्या आईचा बेत वरूड-मोर्शीची संत्री पेटीभर आणायचा आहे. आंबिया बहार तेव्हा ऐन भरात असेल, हे मलाही माहीत आहे. पण ताजी फळं जपानच्या विमानतळावर अडवतात आणि तिथेच टाकून द्यावी लागतात, ते दुःख नको. संत्र्याच्या जागी दोन किलो तूरडाळ आणावी. डाळीला परवानगी लागते का, हे निघण्याआधी विचारून मी कळवतो.