बेरजेचे कष्ट, गुणाकाराचं कापड

एक साधा सुती स्टोल घ्या. रुंदी ५० सेंटिमीटर, लांबी २ मीटर, दर सेंटिमीटरला १२ उभे आणि १२ आडवे धागे. हौस म्हणून हातमाग शिकणाऱ्याच्या आवाक्यातलं हे काम. उभे धागे म्हणजे ताणा. तो झाला ६०० धाग्यांचा. मागाला बांधण्यात, विणताना आटण्यात आणि शेवटी कापण्यात जाणारी लांबी धरून प्रत्येक धागा पावणेतीन मीटर. आडवा धागा म्हणजे बाणा. त्याचे २,४०० फेरे, प्रत्येक सुमारे ५५ सेंटिमीटरचा. सगळं मिळून सूत लागतं जवळजवळ ३ किलोमीटर, आणि वजन भरतं जेमतेम १७५ ग्रॅम.

एवढी लांबी इतक्या कमी वजनात कशी मावते, ते सुताच्या काउंटवरून कळतं. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा काउंट. आपल्या स्टोलचं सूत २० काउंटचे दोन पदर पिळलेलं आहे, म्हणून ते किलोला १७ किलोमीटर भरतं. एकेरी ४० काउंटचं भरतं सुमारे ६८ किलोमीटर. १०० काउंटचं एक किलो उलगडलं तर १६९ किलोमीटर. एक टोक पुण्यात धरून दुसरं महामार्गाने मुंबईत नेलं, तरी वर थोडं उरेल.

पण मागावरचा खरा चक्रावणारा आकडा लांबीचा नाही. प्रत्येक आडवा धागा प्रत्येक उभ्या धाग्याला एकदा ओलांडतो आणि दर वेळी तो वरून जायचा की खालून, हे ठरलेलं असावं लागतं. ६०० गुणिले २,४०० म्हणजे १४ लाख ४० हजार ओलांडण्या. एका स्टोलमध्ये!

रफू करतात तसं हे सुईने एकेक धागा उचलून करायचं ठरवलं आणि दर ओलांडणीला एकच सेकंद धरला, तर बरोबर ४०० तास लागतील. रोज दोन तास बसलात तर २०० दिवस. मागावर मात्र ६०० धागे एकदा ओवायचे आणि २,४०० वेळा धोटा फेकायचा. ६०० अधिक २,४००, म्हणजे ३,००० कामं. आपण बेरजेइतकं राबतो आणि माग गुणाकाराइतकं कापड देतो. ओवणी दोनदा होते, आधी चौकटीच्या डोळ्यांतून, मग फणीतून. दर ओवणीला १० सेकंद धरले तर ३ तास २० मिनिटं. दर फेऱ्याला ४ सेकंद धरले तर २ तास ४० मिनिटं. झाले ६ तास. नवशिक्याला ताणा काढणं, गाठी, तुटलेले धागे हे सगळं धरून चौपट वेळ लागला, तरी २४ तास. ४०० तर नक्कीच नाहीत.

गुणाकार चुकीचाही होतो. फेरा चुकला तर एक ओळ बिघडते, ती उसवता येते. ६०० पैकी एक धागा भलत्या डोळ्यात ओवला गेला, तर ती चूक २,४०० फेऱ्यांत उमटते आणि स्टोलभर उभी रेघ राहते.

आता नऊवारीकडे वळू. ८.२ मीटर लांब, १.१५ मीटर रुंद, दर सेंटिमीटरला २५ धागे असं सुती लुगडं धरा. ताण्यात २,८७५ धागे, बाण्याचे २०,५०० फेरे. सूत ४७ किलोमीटर. ओलांडण्या जवळजवळ ५ कोटी ९० लाख. सेकंदाला एक या हिशोबाने रात्रंदिवस पावणेदोन वर्षांहून जास्त. मागावरची कामं मात्र २३,३७५.

हा फायदा पैठणीचा विणकर पदरापाशी आपण होऊन सोडून देतो. पदरावरच्या मोरासाठी धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते आणि रंग बदलतो तिथे धागे हाताने एकमेकांत अडकवावे लागतात. एका ओळीत ३० रंगखंड आहेत आणि पदर ४० सेंटिमीटरचा आहे, असं धरू. वरच्याच दाटीने १,००० ओळी, म्हणजे ३०,००० कामं. अख्ख्या नऊवारीहून जास्त, तेही अर्ध्या मीटरहून कमी कापडात. येवल्याच्या अस्सल पदराची किंमत या आकड्यात आहे.

हौशी माणसाच्या वाट्याला तिसराच आकडा येतो. टेबलावर मावणाऱ्या मागाला बहुधा चार चौकटी असतात. प्रत्येक वर किंवा खाली, म्हणजे १६ प्रकार. सगळ्या वर आणि सगळ्या खाली हे दोन निरुपयोगी, म्हणून उरले १४. एकदा ओवलेल्या ताण्यावर आठ फेऱ्यांचा क्रम १४ चा आठवा घात इतक्या प्रकारे लावता येतो: १,४७,५७,८९,०५६. प्रत्येकाचा एक इंच नमुना विणला तर पट्टी ३७,४८५ किलोमीटरची होईल. पृथ्वीचा विषुववृत्तीय परीघ ४०,०७५. अर्थात, तोच क्रम वेगळ्या फेऱ्यापासून सुरू केला तर कापड तेच राहतं. ती पुनरुक्ती वजा केली तरी साडेअठरा कोटींच्या आसपास क्रम उरतात आणि पट्टी ४,६८५ किलोमीटरची, भारताच्या ३,२१४ किलोमीटर दक्षिणोत्तर लांबीहून मोठी. त्यातले बरेच क्रम लांब, लोंबते धागे सोडतील. ते वगळले, तरी एका आयुष्याला पुरून उरतील इतके राहतात.

वेगाची शर्यत इथे नाहीच. मिनिटाला हजार फेरे घालणारा एअरजेट माग आपला स्टोल २ मिनिटं २४ सेकंदांत काढतो. आणि ज्यांचं पोट हातमागावर आहे, त्यांची संख्या २०१९-२० च्या गणनेनुसार ३५ लाख २२ हजार, त्यात ७२ टक्के महिला. हौशी विणकराला फेरे मोजून मजुरी मिळवायची नसते, त्यामुळे दर आठ फेऱ्यांनी थांबून क्रम बदलण्याची चैन त्याला परवडते. म्हणून पहिल्यांदा स्टोलच्या मागे लागू नका. १०० धागे ओवा, सावकाश, दोनदा तपासून, आणि २०० फेरे घाला. कामं ३००, ओलांडण्या २०,०००. दर आठ फेऱ्यांनी क्रम बदललात, तर त्या एका पट्टीत २५ वेगवेगळ्या नक्षी निघतील, आणि पुढचा ताणा कशासाठी लावायचा हे त्यातल्या आवडलेल्या नक्षीवरून ठरेल.