‘चिंध्यांचं कसलं गं प्रदर्शन!’

शेजारच्या आजींनी मला पहिल्याच दिवशी असं उडवून लावलं. 

आमच्या खारीत, भाईंदर पूर्वेला, आता जिकडेतिकडे इमारती. पण कुठल्याही घरात माळ्यावर नाहीतर गादीखाली एक तरी गोधडी निघतेच. कुणाची कोकणातली, कुणाची घाटावरची. तिकडे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर आणि वर धावदोरा, बस्स. शाळेतल्या मुलींना (मी सकाळी अर्धवेळ शिकवते) हा टाका डोळ्यांनी दाखवावा, एवढाच माझा हेतू.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीचा हॉल घेतलेला होताच. म्हटलं, बायका येणारच आहेत, एका भाड्यात दोन कामं! बावीस गोधड्या कबूल झाल्या. आजींची मात्र नाही, आणि ती तर सगळ्यांत देखणी. कडेपासून चौकोनात चौकोन घेत मध्यावर आलेला टाका, दोन टाक्यांत तांदूळ मावणार नाही. मी सांगून पाहिलं, अमेरिकेत गीज बेंड नावाच्या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या होत्या. आजी म्हणाल्या, “मग त्या पांघरत काय असतील?”

शेवटी सासूबाईंनीच माझे डोळे उघडले. “अगं, त्या हळदीकुंकवाला येतील कशा?” आजींचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. मला बी. ए. झालेल्या बाईला हे सुचू नये! फार लाज वाटली.

हळदीकुंकू शनिवारी आणि प्रदर्शन रविवारी, येणाऱ्या प्रत्येकीला नुसता तिळगूळ, असं मी मंडळात मांडलं. दोघीतिघी चांगल्याच फुगल्या. ‘गोधड्यांना कुंकवाचे डाग पडतील’ हे कारण मी पुढे केलं. खरं कारण सगळ्यांनाच कळलं होतं, पण कुणी बोललं नाही.

तुम्हांला असं काही करायचं असेल, तर एक ऐका. गोधडीला टाचण्या लावू नका, गंजाचे डाग जात नाहीत. दोरीवर टाकली तर ती मध्येच झोळते. मागच्या बाजूला वरच्या कडेला परकरासारखा नेफा टाचून त्यातून बांबू घाला. टाके नुसत्या आतल्या थरातून घ्यायचे, पुढे दिसू द्यायचे नाहीत. ऊन येणारी खिडकी टाळा. प्रत्येकीच्या कोपऱ्याला आकडा घातलेली चिंधी टाचा आणि वहीत सही घ्या. परत देताना दोन निळ्या गोधड्यांवरून आमच्याकडे भांडण होता होता राहिलं! वेळ दुपारची तीन ते सहा ठेवा. भांडी आवरल्याशिवाय कोण येतंय?

रविवारी साडेतीनला आजी दारात उभ्या. खांद्यावर गोधडी. नेफा शिवायला वेळ नव्हता, म्हणून दोन बाकं जोडून त्यांवर पसरली. मुली तिला हात लावू लागल्या, मी दटावणार तोच आजी म्हणाल्या, “लावू देत.” मग बोट फिरवत सांगू लागल्या, हे हिरवं सासूबाईंचं, हे माझ्या आईचं, हे लग्नातलं. मी कार्डावर लिहून घेत होते.

“लिही हो, पण सहाला परत दे. रात्री थंडी पडते.”