सरासरीचा भरवसा आणि हिंगोलीची शेती

हिंगोली जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर खरिपाचे पीक सुखाने यावे आणि विहिरींना रब्बीपुरते पाणी राहावे, असे कागदावर कोणीही सिद्ध करून दाखवील. परंतु गेल्या काही वर्षांचा अनुभव या कागदाशी जुळत नाही. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि मराठवाड्यातील सोयाबीन ऐन फुलोऱ्यात करपले. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पावसाने उभ्या पिकांना झोडपले. २०२४ च्या सप्टेंबरात पहिल्या दोन दिवसांतच हिंगोली, परभणी व नांदेड या जिल्ह्यांत अतिवृष्टी होऊन शेते पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पुन्हा पुराचे तडाखे सोसले. उघडीप आणि महापूर हे एकाच शेतकऱ्याच्या दारी पाठोपाठ येऊ लागले आहेत; आणि आमचा सारा कारभार मात्र अद्याप सरासरीच्या भरवशावर चालला आहे.

या बदलामागील कारण आता गूढ राहिलेले नाही. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे बाष्प दीर्घ काळ साठते आणि मग थोड्या तासांत कोसळते. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्या, असा निष्कर्ष पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाच्या पावसाची बेरीज तीच राहिली, तरी तिची मांडणी पालटली आहे. शाळेतील अंकगणितात बेरीज बरोबर आली म्हणजे उदाहरण सुटते. शेतीत ते सुटत नाही. एकवीस दिवस कोरडे आणि बाविसाव्या दिवशी दोनशे मिलिमीटर, या हिशेबाची सरासरी निर्दोष येईल, पण पीक हाती लागणार नाही.

हिंगोलीची भूमी या लहरीपणास विशेष बळी पडते. येथील सपाट भागातील काळी माती भारी आहे. पाऊस लांबला की ती भेगाळते आणि अति झाला की चिबडते. तिच्यात वाफसा येण्यास दिवसेंदिवस लागतात. ज्वारी, मूग, उडीद यांची जागा गेल्या तीस वर्षांत मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली, त्यामुळे एकाच पिकावर साऱ्या घराचा भार पडला. वसमतची हळद ही जिल्ह्याची प्रतिष्ठा होय. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु शेतात पाणी तुंबले की हळदीस कंदकूज लागते. आणि त्यातून वाचलेली हळद काढून, शिजवून उन्हात पसरली की मार्च-एप्रिलमधील एखादी अवकाळी सर तिचा रंग आणि भाव दोन्ही उतरविते. मानांकनाने नाव राखले जाईल. वाळवणावरचा पाऊस अडविण्यास छप्परच हवे.

आता कारभाराकडे पाहू. २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, ही शासनाची कसोटी. आणि तो मोजावयाचा महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर. एका मंडळात अनेक गावे असतात. ढग एका शिवारात फुटतो व यंत्र दुसऱ्या शिवारात उभे असते, आणि ज्याची माती खरडून गेली त्याने नियमात बसत नसल्याचे उत्तर ऐकावे लागते. पिकांची पैसेवारीही अशीच गावाच्या सरासरीवर ठरते. रस्त्यांची गोष्ट वेगळी नाही. वाशिम जिल्ह्यातून येऊन पैनगंगेस मिळणारी कयाधू आणि तिला येऊन मिळणारे ओढे यांना पूर आला की सखल फरशी पूल पाण्याखाली जातात, मोऱ्या तुंबतात व गावांचा संपर्क तुटतो. ज्या पावसाच्या हिशेबाने त्या मोऱ्या बांधल्या, तो पाऊस आता राहिलेला नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात हिंगोलीचा समावेश पहिल्यापासून होता. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणे, ठिबक, शेततळी, रुंद वरंबा व सरी पद्धतीची पेरणी, हा त्याचा कार्यक्रम. यांतील शेवटची गोष्ट दिसावयास किरकोळ, परंतु मर्माची आहे. वरंब्यावर पेरलेल्या सोयाबीनच्या मुळाशी कोरड्या काळात ओल टिकते आणि अतिवृष्टीत जास्तीचे पाणी सरीतून वाहून जाते; एकच उपाय दोन्ही संकटांवर लागू पडतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनची निरनिराळी वाणे दिली आहेत. बदनापूरच्या संशोधन केंद्राने विकसित केलेली, लवकर पक्व होणारी बीडीएन ७११ ही तूर परतीची ओल संपण्यापूर्वी हाती येते. विद्या उपलब्ध आहे. उणीव आहे ती तिच्या प्रसाराची आणि सातत्याची.

आमची तक्रार प्राधान्यक्रमाविषयी आहे. त्या प्रकल्पाचा पंधरा जिल्ह्यांसाठीचा मूळ खर्च सुमारे ४,००० कोटी रुपये होता. २०२५ च्या ऑक्टोबरात, एका पावसाळ्याच्या हानीनंतर, राज्य सरकारने जाहीर केलेले साहाय्य ३१,६२८ कोटी रुपयांचे होते. ही तुलना काटेकोर नव्हे. साहाय्य साऱ्या राज्यासाठी होते, त्यात रस्ते व पुलांची दुरुस्तीही होती, आणि संकटग्रस्तास ते देणे सरकारचे कर्तव्यच होते. तथापि, बुडाल्यानंतर द्यावयास पैसा निघतो आणि बुडू नये म्हणून द्यावयास तो अपुरा पडतो, ही तहान लागल्यावर विहीर खोदण्याची रीत कोणत्याही श्रीमंत राज्यास परवडणारी नाही. आम्हास तर नाहीच.

पूर्वतयारी हा संपन्न देशांचा विलास आहे, असेही कोणी समजू नये. १९७० च्या चक्रीवादळात आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक माणसे दगावली. त्या निर्धन देशाने नंतरच्या काळात निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक उभे केले, पूर्वसूचना घरोघर पोहोचविली. २०२० च्या अम्फान वादळात तेथील मृतांचा आकडा शंभराच्याही आत राहिला. तेथे वादळ टळले नाही, माणसे वाचली.

मग हिंगोलीत काय व्हावे? प्रत्येक ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसविण्याची केंद्राची योजना आहे. ती कागदावरून शिवारात यावी, म्हणजे साहाय्य आणि विमा या दोहोंचा पाया खरा होईल. नवे पूल आणि मोऱ्या सरासरी पावसासाठी नव्हे, तर गेल्या दहा वर्षांत पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्याही वर बांधाव्यात. हळदीसाठी गावपातळीवर सामायिक छप्परे व वाळवणयंत्रे असावीत. शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावीत. विहिरीचा उपसा करून ती भरणे म्हणजे भूगर्भातील पाणी उन्हात वाळत घालणे होय. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे बांधले ते राखावे. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे पाऊस सरताच बसली नाहीत, तर तो बंधारा नुसताच दगडांचा ढीग. १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांचे पाणीदेखील कालव्याचे अस्तर शाबूत असेल तरच वसमतच्या शेवटच्या शेतापर्यंत पोहोचेल. देखभालीच्या खर्चास उद्‌घाटनाची फीत नसते; म्हणूनच अंदाजपत्रकात तिला हक्काची वेगळी तरतूद हवी.

शहरातील आमच्या वाचकांस हा दूरच्या जिल्ह्याचा प्रश्न वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यांच्या स्वयंपाकघरातील हळद, तेल आणि डाळ यांचा भाव याच काळ्या मातीत ठरतो, आणि तेथे उखडलेला संसार कामाच्या शोधात शेवटी शहराचीच वाट धरतो. मदतीची घोषणा झाली की आपण समाधानाने पान उलटतो. यापुढे आणखी एक प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारण्याची सवय सुशिक्षितांनी लावून घ्यावी : गेल्या पुरात वाहून गेलेली मोरी पुन्हा त्याच मापाची बांधली काय? या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर पुढच्या पुराची हानी आपणच आजच मंजूर करून ठेवली आहे, असे समजावे.